ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या सामारिया घळीत फक्त उतरायचंच असतं ना? साठीच्या आईबाबांना जमेल का? गाडी कुठे ठेवावी?

"फक्त उतरायचंच" असं ज्याने सांगितलं, त्याने ती घळ फोटोतच बघितली असणार. आमचे भाऊजीही आदल्या रात्री चानिया शहरात हेच म्हणाले होते. "वहिनी, आपण सांदण केलेली माणसं. उताराला काय लागतं?"

मी म्हणत होते, सासऱ्यांना बोटीने थेट आगिया रूमेलीला, म्हणजे घळ संपते तिथल्या समुद्रकाठच्या गावाला नेऊ. तिथून उलटं वर चालत पोर्तेसपर्यंत जायचं, कडे जिथे तीन-चार मीटरवर येतात तो घळीतला सगळ्यात देखणा भाग बघायचा आणि परत फिरायचं. पण घरात बाईच्या नियोजनाला "भित्रेपणा" म्हणतात. ठरलं, सगळे वरून.

वरून म्हणजे झायलोस्कालो, घळीचं वरचं तोंड, साधारण 1230 मीटर उंचीवर. समुद्रापर्यंत 16 किलोमीटर, आणि त्यातली जवळजवळ निम्मी उंची पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच उतरून होते. दगडी पायऱ्या, वळणं, प्रत्येक पावलाला गुडघ्यावर दणका. सासरे काठी टेकत, झऱ्यांवर पाणी पीत सावकाश उतरले. भाऊजी पळत सुटले. सामारिया गावात (1962 साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा रिकामं केलेलं) पोहोचलो तर हे ओट्यावर बसलेले, मांड्या लटपटतायत, उठवेना. पुढे सगळा नदीपात्रातला गोटा. शेवटी रक्षकांनी खेचर आणलं. सासरे म्हणाले, "सामान नीट बांधलंय ना, बघा."

गाडी चानियातच ठेवा, पहाटेच्या बसने ओमालोसला जा, झायलोस्कालो तिथेच. आगिया रूमेलीला गाडीरस्ता नाही. तिथून संध्याकाळच्या बोटीने सूया किंवा होरा स्फाकियॉन या किनाऱ्यावरच्या गावी, मग तिथून परतीची बस. घळीचं तिकीट फेकू नका, उद्यानातून बाहेर पडताना मागतात. तिथून समुद्र अजून तीन किलोमीटर, भर उन्हात.

आईबाबांना मी खालूनच नेईन. रोज टेकडी चढणारे असतील तर वरूनही जमेल, सासऱ्यांना जमलंच की. घळ मे ते ऑक्टोबर एवढीच उघडी असते, आणि पाऊस किंवा फार ऊन असलं की त्या दिवशी बंद, हेही बघून घ्या.

आणि भाऊजी, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. बूट नवे नव्हते.