वरणाचं पाणी चालेल का?

प्रिय पोरी,

तुझा पथ्याचा तक्ता काल रात्री जेवणं आटोपल्यावर सावकाश वाचला. नोकरीचा पहिला महिना, गाऊटचे, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधे सुजण्याच्या दुखण्याचे, पहिले पेशंट हे काका, आणि त्यांच्यासाठी तू एवढा जीव ओतून बसलीस, याचं मला फार समाधान वाटलं. पण 'बंद' या शब्दाखाली तू ३१ पदार्थ लिहिले आहेत. मी मोजले. तूर, मूग, मसूर, मटकी, हरभरा, पालक, फ्लॉवर, मशरूम, वाटाणा, असं करत करत टोमॅटोपर्यंत. काका हा कागद घरी नेतील, काकू तो फ्रिजवर चिकटवतील आणि पंधरा दिवसांत त्या घरात स्वयंपाक काय करायचा यावरून रडारड होईल. मला हे माहीत आहे, कारण असा तक्ता मी स्वतः लिहिलेला आहे.

मी तेव्हा मिरजेत एका इस्पितळात नवीन लागले होते. एक आजी आल्या. गळ्यात तुळशीची माळ, वारी कधी न चुकलेली, मांस-मासे-दारूचा संबंधच नाही. दोन्ही पायांचे अंगठे लालबुंद, रक्ताच्या रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड ८.२ (डेसिलीटरला मिलिग्रॅम). मी वहीत शिकलेलं सगळं त्यांच्यावर लादलं: डाळी बंद, कडधान्यं बंद, पालेभाज्या बंद. चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा चोळीच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. वजन ६ किलो उतरलेलं. भात, दुधी आणि ताक एवढ्यावर त्या जगत होत्या. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाई, वरनाचं नुसतं वरलं पानी चालंल का वं?" आणि युरिक? ८.१. एवढ्या उपासमारीनं दशांशाचा एक आकडा हलला होता. नंतर एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. बीपीसाठी लघवीची गोळी चालू होती. ती गोळी मूत्रपिंडात युरिक ॲसिड अडवून धरते. त्यांनी ती बदलून दिली आणि आकडा खाली यायला लागला. मी पिशवी उघडून बघितलीच नव्हती. त्या आजींचं वरण मी उगाच तोडलं, हे आजही मनाला लागतं.

म्हणून आधी हे नीट समजून घे, पाठ करू नकोस. ज्याच्यासाठी तू डाळी तोडल्यास ते प्युरिन हा प्रत्येक पेशीच्या गाभ्यातला घटक. पेशी मोडली की प्युरिन मोडतं आणि शेवटी युरिक ॲसिड उरतं. बहुतेक प्राण्यांकडे ते आणखी विरघळवून टाकणारं युरिकेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, माणसाकडे ते राहिलेलं नाही. आपल्या अंगातल्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश आपल्याच पेशींच्या रोजच्या मोडतोडीतून येतं, ताटातून येतं ते उरलेलं एक तृतीयांश. आणि गाऊटच्या बहुतेक पेशंटांत खरी अडचण निचऱ्याची असते. मोरी तुंबलेली असताना नळ थोडा बारीक केला तर फायदा होतो, पण मोरी काही मोकळी होत नाही.

आता काकांचा आकडा घे: ८.९. रक्तात साधारण ६.८ च्या वर युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचा क्षार, विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे स्फटिक बनतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड, म्हणून स्फटिक तिथं आधी जमतात, आणि झटका बहुधा रात्री येतो. गाऊट असलेल्या माणसाचा आकडा ६ च्या खाली ठेवायचा असतो. कडक पथ्यानं किती उतरतो? साधारण १. म्हणजे तुझे ३१ पदार्थ काकांनी वर्षभर इमानदारीनं पाळले तरी ते ७.९ च्या आसपासच राहणार. हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांड. नाहीतर पथ्य पाळूनही अंगठा सुजला की त्यांना वाटेल आपलंच चुकलं, किंवा तुझं.

डाळींचं म्हणशील तर अमेरिकेत ४७,१५० पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा केला होता, २००४ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यात ७३० जणांना नव्यानं गाऊट झाला. मटण-मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला. प्युरिन असलेल्या भाज्या आणि कडधान्यं खाणाऱ्यांत नाही. दुधाचे, विशेषतः कमी चरबीचे पदार्थ घेणाऱ्यांत तर धोका कमी होता. आणि प्युरिनच्या तक्त्यांतले आकडे १०० ग्रॅम कच्च्या डाळीचे असतात, हे लक्षात ठेव. वाटीभर वरणात डाळ असते मूठभर, पंचवीस-तीस ग्रॅम. वरण, आमटी, उसळ सगळं परत चालू कर. सायीशिवायचं ताक रोज दोन पेले घ्यायला सांग.

मग बंद काय करायचं? तुझ्याच टिपणात एक ओळ आहे, तू ती सहज लिहून पुढं गेलीस: "काकांचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे." पोरी, त्या ओळीवर तू थांबायला हवं होतंस! ३१ पदार्थांच्या यादीत उसाचा रस नाही, काकवी नाही, गूळ नाही. गुऱ्हाळाचा माणूस हंगामात पहाटेपासून कढईशी उभा असतो. चवीला रस, भाकरीवर काकवी, चिमट्यावरचा गरम गूळ, हे त्याच्या दृष्टीनं 'खाणं' नसतंच, ते काम असतं. तू "गोड खाता का?" विचारलंस तर ते "नाही, चहासुद्धा गुळाचा" असं मनापासून सांगतील.

साखर आणि गूळ, दोन्हीत मुख्यतः सुक्रोज, म्हणजे अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. फ्रुक्टोजमध्ये प्युरिन नसतं, म्हणून ते आपल्या तक्त्यांतून निसटतं. पण यकृतात ते शिरलं की पेशीतलं एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, भराभर खर्ची पडतं आणि त्याच्या उरल्या भागातून थेट युरिक ॲसिड तयार होतं. याच पुरुषांच्या गटात, दिवसाला दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्यांना गाऊटचा धोका, महिन्याला एकसुद्धा न पिणाऱ्यांपेक्षा ८५ टक्क्यांनी जास्त दिसला. तो अभ्यास शीतपेयांचा आहे, काकवीचा नाही. पण फ्रुक्टोज तेच आणि यकृतही तेच. गूळ नैसर्गिक आहे, आपल्या रानातला आहे, हे खरं. यकृताला त्यानं फरक पडत नाही. अख्खं फळ मात्र तोडू नकोस, पेरू-संत्र्याशी आपलं भांडण नाही.

दुसरी गोष्ट रस्सा. कोल्हापुरात राहून "मटण बंद" लिहिणं सोपं आहे, ते पाळलं जाणार नाही. मटण शिजताना त्यातलं प्युरिन पाण्यात उतरतं. म्हणजे आळणी, पांढरा रस्सा, पायाचं सूप यांत फोडींतलंच प्युरिन येतं. आणि आपला माणूस फोडी चारच घेतो, रस्सा मात्र वाटीवर वाटी ओरपतो आणि वर म्हणतो, "मी मटण कुठं खाल्लं, नुसता रस्सा घेतला." काकांना सांग, पंधरा दिवसांतून एकदा, फोडी मोजून, रस्सा एक वाटी. कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी मात्र साफ सोडा. त्यांची सासुरवाडी मालवणची आहे ना? मग सुकट, जवळा, तारली, बांगडा यांची चौकशी कर. सुकी मासळी पाणी उडालेली असते, मूठभरात खूप मावते.

दारूचं काकूंसमोर विचारू नकोस. काकूंना बाहेर वजन करायला पाठव आणि तेवढ्यात सरळ विचार, "आठवड्यात किती, आणि काय?" दारूनं युरिकचा निचरा अडतो, आणि बिअरमध्ये वर स्वतःचं प्युरिनही असतं. "नुसती बिअरच घेतो" असं सुटका झाल्यासारखं सांगणारे पेशंट तुला खूप भेटतील. गाऊटसाठी तीच सगळ्यांत वाईट.

उपासाचंही विचार. नवरात्रात कडकडीत नऊ दिवस करून दसऱ्याला अंगठा धरून आलेले लोक मी पाहिले आहेत. पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी जळून कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात, आणि मूत्रपिंडातून बाहेर पडताना ते युरिकला अडवतात. पाणी कमी पडलं तर आणखी वाईट. त्यामुळे काकांचं वजन उतरवायचंच, पण हळूहळू. महिन्यात आठ किलोवाल्या जाहिरातींच्या वाटेला त्यांना जाऊ देऊ नकोस. पाणी भरपूर, फक्त हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही ना, हे आधी बघ.

चेरीचं तू विचारलं होतंस. चेरी खाणाऱ्यांत झटके कमी दिसल्याचं एका अभ्यासात आलं आहे. पण आपल्याकडे केकवर लावतात ती लाल 'चेरी' बहुतेकदा पाकात मुरवलेली करवंदं असतात. मोबाईलवर काहीतरी वाचून त्याची बरणी संपवलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. उपाय म्हणून तो साखरच खात होता.

आता जे मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते. गाऊटचा माणूस लाजलेला असतो. आपल्या आयुर्वेदात वातरक्ताला, म्हणजे गाऊटसारख्या दुखण्याला, 'आढ्यवात' असं एक नाव आहे, म्हणजे श्रीमंतांचा वात. खाऊन-पिऊन ओढवून घेतलेलं दुखणं, हा शिक्का इतका जुना आहे. २०१८ साली युरोपीय वंशाच्या सोळा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला. माणसामाणसांत युरिकच्या पातळीत जो फरक पडतो, त्यातला एकेका पदार्थाचा वाटा १ टक्क्याहूनही कमी निघाला, आणि जनुकांचा जवळपास २४ टक्के. तो अभ्यास आपल्या लोकांवरचा नाही, पण "जिभेवर ताबा नाही म्हणून झालं" हे वाक्य तोंडातून काढायच्या आधी तो आठव. काकांच्या वडिलांना, चुलत्यांना सांधे धरायचे का, विचार. हो म्हणाले तर त्यांना सांग की यातलं बरंचसं वारशानं आलंय. माणसाचा चेहरा सैल होतो, आणि मगच तो खरं किती खातो ते सांगतो.

तू लिहिलंस की त्यांनी कोल्हापुरी चपलेचा अंगठा कात्रीनं कापून टाकलाय, तिथं स्पर्शसुद्धा सोसत नाही म्हणून. बायकोनं रात्री पांघरूण घातलं तरी ते ओरडतात. अशा माणसाला पथ्याच्या भरवशावर ठेवणं बरोबर नाही. वारंवार झटके येत असतील तर युरिक उतरवणारी गोळी लागते, बहुधा ॲलोप्युरिनॉल, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. तुझं काम वेगळं आहे. गोळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने जुने स्फटिक सुटत असताना झटके वाढू शकतात. म्हणून डॉक्टर सोबत थोडं दुसरं औषधही देतात. हे आधी कुणी सांगितलं नाही की पेशंट म्हणतो "गोळीनं वाढलं" आणि सोडून देतो. तू आधी सांग. चालू असलेली गोळी झटक्यातही बंद करायची नसते. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि हे सगळं दुखणं असलेल्या माणसाचं. तपासणीच्या पॅकेजमध्ये ७.२ आलं आणि सांधा एकही दुखत नाही, असा कुणी घाबरून आला तर त्याला धीर दे. त्यातल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही.

शनिवारी काका येणार आहेत ना? तो तक्ता त्यांच्याकडून मागून घे. बीपीची गोळी चालू आहे असं तू लिहिलंस, पण नाव लिहिलं नाहीस. पाकीट आणायला फोन करून सांग आणि त्याचा फोटो मला पाठव. लघवीची गोळी त्यात मिसळलेली असेल तर आपण डॉक्टरांना चिठ्ठी लिहू. बीपीच्या औषधांत लोसार्टन युरिक थोडं उतरवतं, पण बदलायचं की नाही ते डॉक्टर बघतील, काकांनी स्वतःहून काही सोडायचं नाही. झटके कोणत्या महिन्यांत आले तेही विचार, गुऱ्हाळाच्या हंगामाशी ताडून बघू. आणि काकूंना सांग, वरण नेहमीसारखं करा. घट्ट.

तुझ्या,
मॅडम