दहा आज्ञा, पण कोणाच्या?

प्रश्न: आम्ही भायखळ्याचे मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. भाऊ लुइझियानाला असतो. तिकडे सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा झालाय म्हणून तो खूश आहे, म्हणतो अमेरिका मुळातच ख्रिस्ती देश, आपल्याला काय हरकत? इथे ऑफिसात लोक मला विचारतात, तुम्हालाही असंच हवंय का. भावाला काय सांगू?

उत्तर: ताई, भावाला आधी हे विचारा की भिंतीवरच्या आज्ञा नेमक्या कोणाच्या. वसईची एखादी कॅथलिक मैत्रीण असेल तर दोघी मिळून मोजून बघा, मूर्ती करू नको ही तुमची दुसरी, त्यांच्याकडे ती पहिलीतच येते आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन होतात, ज्यूंची मोजणी आणखी वेगळी. २०२४ च्या त्या कायद्याने यातला एकच मजकूर ठरवून दिलाय, कमीत कमी ११ बाय १४ इंचाच्या पोस्टरवर. म्हणजे कोणाचं बायबल बरोबर हे सरकार ठरवणार, मला खरी भीती याचीच वाटते. या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या पालकांमध्ये प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा एक पाळकही आहे, हे भावाला जरूर सांगा.

आणि हे आधी होऊन गेलंय हो. १८४४ ला फिलाडेल्फियात शाळेत कोणतं बायबल वाचायचं यावरून भडका उडाला, कॅथलिक चर्चं जाळली, माणसं मेली, दोन्हीकडे ख्रिस्तीच. त्याआधी १६६० ला बोस्टनमध्ये मेरी डायर या बाईला फाशी दिलं, ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती आणि हद्दपार केलं तरी परत आली, एवढाच गुन्हा.

मुळात ख्रिस्ती देश म्हणाल तर अर्धंच खरं. १६३० ला जॉन विन्थ्रॉप हा पुढारी इंग्लंडच्या प्युरिटनांना, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांना, घेऊन मॅसॅच्युसेट्सला आला ते देवाशी करार केलेली वस्ती, डोंगरावरचं नगर, हे स्वप्न घेऊनच, आणि ते नगर अजूनही तिकडच्या भाषणांत येतं. पण ती वस्ती होती, देश नंतर झाला. १७८७ च्या राज्यघटनेत सरकारी पदाला धर्माची अट नाही, आणि उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेल्या १७९७ च्या तहात तर सरळ लिहिलंय की अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभं नाही, सिनेटने तो एकमताने मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने १८०२ ला चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीबद्दल लिहिलं ते डॅनबरी गावच्या बॅप्टिस्टांना, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना, कारण त्यांच्या कनेक्टिकटमध्ये दुसऱ्याच चर्चला राज्याचा आधार होता आणि त्यांचा जीव घुसमटत होता.

आपल्या मुंबईचंच बघा. १८१३ ला गॉर्डन हॉल वगैरे अमेरिकन मिशनरी इथे उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या मागे होतं, तरी त्यांच्या मिशनने १८२४ ला मुलींची शाळा काढली. तिकडे हॉलच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र चर्चसाठी कर १८३३ पर्यंत चालू होता. कोणती श्रद्धा जास्त जिवंत, तुम्हीच सांगा.

भाऊ ज्याला मुळातलं समजतो त्यातलं बरंच नंतर चिकटवलेलं आहे. नाण्यावर ‘आमचा देवावर भरवसा’ हे वाक्य आलं १८६४ ला, यादवी युद्धात. शाळेतली झेंड्याची प्रतिज्ञा १८९२ ला एका बॅप्टिस्ट पाळकानेच लिहिली, त्यात देवाचं नाव नव्हतं, ते १९५४ ला घातलं, कम्युनिस्ट रशियापेक्षा आपण वेगळे हे दाखवायला. १९७९ ला जेरी फॉलवेल या पाळकाने मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली आणि मग पाळक उघड उघड मतं गोळा करायला लागले. ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चाल करून गेलेल्या गर्दीत क्रूस आणि येशूच्या नावाचे फलक होते, ते फोटो बघून मला आजही वाईट वाटतं.

ऑफिसात कोणी परत विचारलं तर डॅनबरीच्या त्या बॅप्टिस्टांची गोष्ट सांगा, दोन मिनिटांत होते, आणि ती तुमच्याच लोकांची आहे.