वर्कशॉपचं जुनं याहू खातं कायमचं बंद करायचंय: माझं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उद्यमनगरातल्या वर्कशॉपसाठी वडिलांनी २००७ साली याहूवर खातं काढलं आणि बँक, जीएसटी, विमा सगळीकडे तोच पत्ता दिला. आता खात्यातली मेलची जागा भरलीय, कुणीतरी लॉगिन करायला बघतंय असे इशारे येतात, आणि तुम्हाला ते एकदाचं बंद करून मोकळं व्हायचंय. "डिलीट दाबलं की झालं ना?" हा तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो, कारण याच समजुतीपायी मी हात पोळून घेतलेत.

नाही, तेवढ्याने होत नाही. डिलीट हे दोन मिनिटांचं काम आहे आणि ते सगळ्यात शेवटी येतं. त्याआधीचं काम वर्षभर चालतं. मी कुठल्या कंपनीचा माणूस नाही, मेनू अधूनमधून बदलत असतात आणि कराच्या बाबतीत तुमच्या सीएंचा शब्द शेवटचा, एवढं गृहीत धरून पुढचं वाचा.

पासवर्ड बदलून टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड मागणारी दुसरी पायरी) चालू केलं असेलच. नसेल तर आधी ते करा. २०१३ मध्ये याहूवर जी चोरी झाली त्यात तेव्हाची झाडून सगळी, म्हणजे ३ अब्ज खाती होती, हे कंपनीने २०१७ मध्ये मान्य केलं. २००७ चं खातं त्यात येणारच. तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे चालत असेल तर तिथलाही बदला. आणि तुमच्या नव्या जीमेलचा रिकव्हरी पत्ता म्हणून हाच जुना याहू दिलेला नाही ना, हे आजच बघा. बहुतेकांनी दिलेला असतो. जुनं बंद झालं आणि पुढे कधी नवं अडकलं, तर आत शिरायची वाटच उरत नाही.

आता मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट, बँक.

बँकेत तुमचा ई-मेल एकाच ठिकाणी नसतो. ग्राहक म्हणून जी मूळ नोंद असते तिथे एक, नेटबँकिंगच्या प्रोफाइलमध्ये एक, स्टेटमेंट पाठवायच्या नोंदीत एक. क्रेडिट कार्ड किंवा डिमॅट असेल तर त्याचा आणखी निराळा. शिवाय फर्मच्या चालू खात्याची ग्राहक नोंद वेगळी आणि मालकाच्या बचत खात्याची वेगळी. शाखेत तुम्ही एक फॉर्म देता, टेबलावरचा माणूस त्याला दिसणाऱ्या पडद्यावरची एक नोंद बदलतो आणि पोचपावतीवर शिक्का मारून देतो. मी त्या शिक्क्यावर विसंबून जुनं खातं बंद केलं. नेटबँकिंगच्या प्रोफाइलमध्ये जुनाच पत्ता राहिला होता. पासवर्ड रीसेटची लिंक बंद पडलेल्या पत्त्यावर जाऊ लागली. शाखा म्हणे, "आमच्याकडे नवीनच दिसतोय." हेल्पलाइन म्हणे, "शाखेत जा." शाखेचं नाव घेत नाही, पण ग्राहकाने लेखी दिलेलं असताना एकानेही दुसऱ्याचा पडदा उघडून बघू नये याचा राग अजून जात नाही. पगाराच्या तारखेला माणूस कामगारांसमोर उभा असतो, त्याला "शाखेत जा" हे उत्तर देता येत नाही.

म्हणून अर्ज असा द्या. ग्राहक क्रमांक, फर्मचे आणि तुमचे सगळे खाते क्रमांक, मुदत ठेवींचे क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता. खाली स्वच्छ लिहा: ग्राहक नोंद, नेटबँकिंग प्रोफाइल, ई-स्टेटमेंट, कार्ड आणि ठेवींवरचं टीडीएस प्रमाणपत्र या प्रत्येक ठिकाणी बदल करावा. दोन प्रती, दुसरीवर तारखेसह पोच. एवढं करूनही काम झालं असं समजू नका. नेटबँकिंगमधून ई-मेलवर स्टेटमेंट मागवा. पासवर्ड रीसेटची लिंकही एकदा मागवून बघा, रीसेट पूर्ण करायची गरज नाही. दोन्ही मेल नव्या पत्त्यावर उतरले की मगच वहीत त्या बँकेपुढे टिक करा. नाही उतरले तर तोंडी भांडू नका, बँकेच्या पोर्टलवर लेखी तक्रार टाकून क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. तिथे पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लागतेच.

याला जोडून एक छोटी गोष्ट. नवा पत्ता काढताना त्यात आकडे, टिंबं, अंडरस्कोर घालू नका. तुम्ही फॉर्मवर हाताने लिहिता आणि समोरचा ते बघून टाइप करतो. अंडरस्कोर नेमका फॉर्मच्या छापील रेघेवर बसतो आणि दिसेनासा होतो. शून्याचा ओ होतो, एकचा एल होतो. फर्मचं नाव आणि गाव, सरळ अक्षरांत, एवढं पुरे. फॉर्मवर मोठ्या लिपीत लिहा आणि टाइप झालेला पत्ता पडद्यावर स्वतः वाचून घ्या. मान वाकडी करून बघायला लागलं तरी बघा.

जीएसटीचं तुलनेने सोपं आहे. पोर्टलवर नोंदणी दुरुस्तीत नॉन-कोअर (किरकोळ बदलांचा) प्रकार निवडा, अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या माहितीत नवा ई-मेल आणि मोबाइल टाका, ओटीपी द्या, शेवटी ईव्हीसी (ओटीपीने पडताळणी) किंवा डीएससीने (डिजिटल सहीने) सादर करा. याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. पण हे जुना पत्ता आणि मोबाइल चालू असतानाच उरका. लॉगिन जुन्या सल्लागाराकडे अडकलं असेल आणि मोबाइलही त्याचाच असेल, तर तुमच्या भागाच्या कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन जाऊन बदल करून घ्यावा लागतो. हे लांबणीवर टाकू नका म्हणतो त्याला कारण आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीत दिलेल्या ई-मेलवर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावलेली नोटीस आहे. तो डबा, म्हणजे मेलबॉक्स, तुम्ही बंद केला होता, ही सबब तिथे कामाला येत नाही.

प्राप्तिकराच्या पोर्टलवर प्रोफाइलमधला पत्ता बदलला तरी विवरणपत्रातही ई-मेलचा रकाना असतो. कितीतरी सीएंच्या ऑफिसात तिथे ऑफिसचाच पत्ता टाकतात. पुढच्या विवरणपत्रात कुठला पत्ता जातोय ते विचारा. सेतू केंद्रात आणि नेटकॅफेतही हेच चालतं. फॉर्म भरणारा मुलगा घाईत स्वतःचा ई-मेल टाकून देतो, आणि मुलांच्या शिष्यवृत्तीपासून उद्यम नोंदणीपर्यंत सगळ्यांच्या चाव्या एकाच केंद्राच्या डब्यात जाऊन पडतात. हे थांबायला पाहिजे. फॉर्म भरून घेताना ई-मेलचा रकाना आपण स्वतः वाचायचा, लाजायचं नाही.

पत्ता कुठेकुठे दिलाय हे आठवून यादी करू नका, हमखास सुटतं. डब्यातच शोधा. व्हेरिफाय, वेलकम, स्टेटमेंट, पॉलिसी, फोलिओ, रिन्यूअल, इनव्हॉइस, पासवर्ड हे शब्द इंग्रजीत टाइप करून एकेक शोध घ्या आणि पाठवणाऱ्यांची नावं वहीत उतरवा. क्रोममध्ये साठवलेल्या पासवर्डची यादी उघडा, जिथे युजरनेम म्हणून याहूचा पत्ता दिसेल ती प्रत्येक साइट वहीत घ्या. फर्मची वेबसाइट असेल तर डोमेन (वेबसाइटचं नाव) कुणाच्या ई-मेलवर नोंदलंय ते सगळ्यात आधी बघा. रिन्यूअलची सूचना चुकली की डोमेन हातचं जातं. प्रत्येक ठिकाणी लॉगिनचा पत्ता आणि संपर्काचा पत्ता असे दोन रकाने असू शकतात. लोक संपर्काचा बदलतात आणि लॉगिन तसंच ठेवतात.

म्युच्युअल फंडांसाठी प्रत्येक फंडाकडे जायला नको, एमएफ सेंट्रल या सामाईक वेबसाइटवरून बदल करता येतो. आधारमधला ई-मेल मात्र वेगळा बदलावा लागतो.

यादी संपली की बंद करायची घाई नको. १३ महिने थांबा. १३ अशासाठी की बरीच मेल वर्षातून एकदाच येतात: विम्याचा हप्ता, डोमेन. डिमॅट आणि फंडांचं एकत्रित स्टेटमेंट व्यवहार नसेल तर सहा महिन्यांतून एकदाच येतं. या काळात महिन्यातून एकदा जुना डबा उघडा, जे काही कामाचं आलंय तिथला पत्ता बदला. उघडायला विसरू नका, कारण १२ महिने लॉगिन झालं नाही तर याहू मेल पुसून टाकतं. याहूने २०२१ पासून फुकट खात्यांचं आपोआप फॉरवर्डिंग बंद केलंय, त्यामुळे तो मार्ग नाही. जीमेलमध्ये दुसऱ्या खात्याचं मेल ओढून घ्यायची जुनी सोय अनेक लेखांत सांगितलेली असते, तिच्यावरही विसंबू नका, गूगलने ती काढून घ्यायचं जाहीर केलंय.

जुनं मेल वाचवायचं तर थंडरबर्ड हा कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्राम वापरा, तो फुकट आहे. याहू खातं आयमॅपने (सर्व्हरवरचं मेल प्रोग्राममध्ये दाखवणाऱ्या जोडणीने) जोडा. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, याहू आयमॅपवरून एका फोल्डरमधली १०,००० मेलच दाखवतं. म्हणून आधी ब्राउझरमध्येच वर्षवार फोल्डर करून मेल वाटून घ्या, प्रत्येकात १०,००० पेक्षा कमी. दुसरा खड्डा जास्त वाईट. आयमॅप म्हणजे आरसा. थंडरबर्डमध्ये मेल दिसतंय म्हणजे ते तुमच्या कॉम्प्युटरवर उतरलंच असं नाही. तिकडे खातं गेलं की इकडचंही जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक फोल्डर डाव्या बाजूच्या लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करा, मूव्ह नको. मध्येच नेट तुटलं तर कॉपी अर्धवट राहते, तेव्हा दोन्हीकडचे आकडे जुळवा. मग वायफाय बंद करून वेगवेगळ्या वर्षांची दहा मेल अटॅचमेंटसकट उघडून बघा. ड्रॉइंगची पीडीएफ उघडली तर जमलं. नंतर थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर एका बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. पत्त्यांची वही वेगळी उतरवावी लागते, ती मेलबरोबर येत नाही.

आता माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या. याहूचं खातं बंद करूच नका. रिकामं करा, मोठा पासवर्ड लावा, टू-स्टेप ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एकदा उघडा. कारण २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना देऊन टाकली होती. ज्यांना ती मिळाली त्यातल्या काहींना आधीच्या मालकाची खासगी मेल येऊ लागली. त्यावर याहू आणि फेसबुकने उपाय काढला, की पाठवणाऱ्याने मेलच्या हेडरमध्ये (मेलबरोबर जाणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक माहितीत) एक तारीख घालायची, आणि पत्ता त्या तारखेपासून त्याच माणसाकडे असेल तरच मेल पोचवायचं. आपल्या बँका आणि विमा कंपन्या ती तारीख घालतात असं धरून चालू नका. तुमचं नाव उद्या दुसऱ्याकडे गेलं आणि एखादी नोंद बदलायची राहिली असेल, तर रीसेटची लिंक त्याच्या हातात. जीमेलमध्ये हा धोका नाही, तिथे बंद केलेला पत्ता पुन्हा कुणालाच मिळत नाही. फक्त तिथे जीमेल ही एक सेवा काढणं आणि आख्खं गूगल खातं काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी केली की ड्राइव्ह, फोटो आणि फोनवर घेतलेली ॲपसुद्धा जातात. मायक्रोसॉफ्ट ३० किंवा ६० दिवसांची मुदत देतं. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरची बिटलॉकर की (कुलूपबंद डिस्क उघडायचा आकडा) त्याच खात्यात साठवलेली असू शकते, ती आधी कागदावर उतरवा.

एवढं सांगूनही बंदच करायचं असेल, तर आधी पैसे भरून घेतलेली सेवा रद्द करा, मग खातं बंद करायच्या पानावर जा आणि किती दिवसांनी पुसलं जाणार ते तिथे वाचा. त्या मुदतीत एकदा जरी लॉगिन केलं तरी खातं परत जिवंत होतं, म्हणून तुमच्या, वडिलांच्या आणि ऑफिसच्या फोनवरून ते आधीच काढून टाका.

आणि नवीन बिलबुक, लेटरहेड इतक्यात छापायला टाकू नका. आधी नवा पत्ता जीएसटीत दिसू द्या, बँकेचं स्टेटमेंट त्यावर येऊ द्या, मग प्रेसमध्ये जा. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं जुन्या बिलावरचा पत्ता बघूनच पर्चेस ऑर्डर पाठवत असतात. त्यांना एकेकाला फोन करा, नुसत्या मेलने त्यांच्या पर्चेसवाल्याची यादी बदलत नाही.