चायाची फांदी का कुजते आणि पानं कच्ची खावीत का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते: कच्ची अजिबात नको, दोन-चार पानंसुद्धा नकोत. चाया हे पालेभाजीसाठी लावतात ते झुडूप, एरंडाच्या कुळातलं. त्याच्या कच्च्या पानांतून सायनाइड तयार होतं. पानं चिरून भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता 15-20 मिनिटं उकळा, म्हणजे तो धोका जातो. मग हवी तशी भाजी करा. इतकं उकळूनही पान पालकासारखं लगदा होत नाही, चावायला छान लागतं आणि त्यात प्रथिनंही पालकापेक्षा जास्त असतात. स्मूदीत कच्ची पानं घालायचे सल्ले दिसतात, ते कृपया मनावर घेऊ नका.

आता फांदीचं. तुम्ही ती कापल्या कापल्या मातीत खोचली असणार. कापलेल्या जागी पांढरा चीक येतो, तो ओला असतानाच लावली की बुडाशी काळी पडून कुजते. हिरवं कोवळं टोक घेऊ नका. जून, वीतभर लांबीची फांदी घ्या, पानं काढा आणि 3-4 दिवस सावलीत ठेवा. काप कोरडा, कडक झाला की लावा. डोळे फुटेपर्यंत पाणी अगदी बेताचं.

हातमोजे मात्र घाला, कारण चिकाने त्वचा चुरचुरते आणि काही जातींच्या देठांवर खाजरी लव असते.

झाड चांगलं रुजलं की वर्षानुवर्षं पानं देतं. एका वेळी निम्म्याहून जास्त तोडू नका.