रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, झोपायला जागा दिली की झालं ना, मग माणसांची नोंद कशाला ठेवायची?

नाही झालं. मीही आधी असंच म्हणायचो. इंदूरच्या थंडीत सरवटे बसस्टँडच्या फुटपाथवरून माणसं आणायची, तर रजिस्टर कुठे भरत बसायचं!

मग एका रात्री एका बाबांना फेफरं आलं. दवाखान्यात पहिला प्रश्न, गोळ्या कोणत्या चालू आहेत? आमच्या रजिस्टरात इतकंच: 'बाबा, पलंग १४'. महिन्याआधी त्यांनी आमच्यातल्याच एकाला गोळ्यांची पुडी दाखवली होती, त्यानं लिहिलं नव्हतं. तेव्हापासून चालू औषध आणि गावाकडचा एखादा फोन, हे दोन रकाने मी रिकामे सोडत नाही.

रोजची हजेरीही कामाला येते. मतदारयादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. तो खरंच तिथे झोपतो का, हे बीएलओ (त्या भागाची मतदारयादी सांभाळणारा अधिकारी) रात्री येऊन बघतो, तेही एकाहून जास्त वेळा. रजिस्टर नीट असेल तर निदान माणूस रोज येतो की नाही हे आपल्याला छातीठोकपणे सांगता येतं. आधार कायद्यातही कायमचं घर नसलेल्यांसाठी खास सोय करायला सांगितलंय.

पण रजिस्टर टेबलावर उघडं टाकू नका. मार खाऊन घरातून निघालेली बाई आत असते आणि बाहेर 'नातेवाईक' चौकशीला उभा असतो. आणि कुणी नाव सांगत नसेल तर आधी कांबळं द्या, नाव चार दिवसांनी चहावर आपोआप निघतं.