तंबू, ट्रायपॉड आणि तिथी

प्रश्न : डिसेंबरात गुहागरच्या किनाऱ्यावर एकटीच तंबू टाकून फोटो काढायचेत. घरचे घाबरतायत. काय सांभाळू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी भरती सांभाळा. आंजर्ल्याला पहिल्या खेपेस मी रात्री नऊला सपाट, कोरडी वाळू बघून तंबू ठोकला. नेमकी पौर्णिमा, म्हणजे उधाण. बाराला पाणी उशाशी! बॅग वाचली, झोप गेली.

कोकणातलं जुनं गणित शिकून घ्या : तिथीला पाऊणने गुणायचं. सप्तमीला सव्वापाच, पहाटे आणि संध्याकाळी त्या सुमारास पूर्ण भरती. शिंपल्या-काटक्यांची ओळ दिसते, तिच्या बरंच वर तंबू टाका. माडाखाली मात्र नको, नारळ सांगून पडत नाही. जवळच्या घरी विचारून अंगणात जागा मिळाली तर उत्तम, घरचेही निवांत.

ओल्या वाळूत ट्रायपॉड रुततो. मी पायांखाली करवंट्या ठेवतो (हसा खुशाल). लेन्सवरचे खारे थेंब कोरड्या फडक्याने घासू नका, आधी गोड्या पाण्याने ओलावलेल्या मऊ कापडाने टिपा. सूर्य समुद्रात मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सगळेच फोटो काढतात. तुम्ही पहाटे ओहोटी असेल तो दिवस निवडा.