फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, बाबा खोकायला आणि उठायला तयार नाहीत. शुश्रूषा कशी सुधारावी?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढून तीन दिवस झालेत, छातीत नळी आहे, आणि दुखतं म्हणून ते खोकत नाहीत की उठून बसत नाहीत. मी छातीच्या ऑपरेशनच्या वॉर्डात बारा वर्षं सिस्टर आहे. त्यांच्यावर चिडू नका. आधी दुखणं आटोक्यात आणा.

ऑपरेशन बरगड्यांमधून होतं, त्यामुळे दर श्वासाला जखम ताणली जाते. मग माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. आमच्याकडे पूर्वी दुखण्याचं औषध सकाळी सहाला द्यायचे आणि श्वासाचे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओ यायच्या साडेदहाला, म्हणजे औषधाचा जोर ओसरल्यावर. एक काका फिजिओंना बघितलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आम्ही त्यांना हट्टी ठरवलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. डॉक्टरांना विचारून डोस व्यायामाच्या पाऊण तास आधी दिला, तर दोन दिवसांत तेच काका स्पायरोमीटरचा, म्हणजे श्वासाने बॉल वर उचलायच्या व्यायामाच्या उपकरणाचा, दुसरा बॉल उचलायला लागले. तुम्हीही उद्या राउंडला वेळेचं नक्की विचारा.

स्पायरोमीटरमध्ये फुंकायचं नसतं, हवा सावकाश आत ओढायची असते. बरेच जण फुंकतात. ताठ बसवून, जागे असताना दर तासाला दहा वेळा. खोकताना घडी केलेला टॉवेल किंवा उशी जखमेवर घट्ट धरायला द्या, तुमचा हातही वरून ठेवा. त्या आधारानेच निम्मी भीती जाते.

चालवायला घाबरू नका. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत रुग्णाला उठवून हालतं करायला सांगितलंय. पहिल्यांदा सिस्टर किंवा फिजिओ सोबत हव्यात. छातीतल्या नळीला जोडलेली बाटली उभी आणि छातीच्या खालीच धरायची. कॉटवर ठेवायची नाही, आणि चालताना नळीला चिमटा आपल्या मनाने कधीच लावायचा नाही. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होतं, ते बघून घाबरू नका. बुडबुडे अचानक वाढले किंवा नळी निसटली, तर मात्र लगेच हाक मारा.

त्या बाजूचा हात ते अंगाशी धरून ठेवत असतील, तर खांदा आखडतो. फिजिओंनी होकार दिला की त्याच हाताने केस विंचरायला लावा. दुखण्याच्या काही औषधांनी पोट साफ होत नाही आणि कुंथलं की छाती दुखते, म्हणून तेही सिस्टरना सांगा.

घरी गेल्यावर ताप, अचानक धाप, छातीत धडधड, जखमेतून पू, एका पायाच्या पोटरीला सूज किंवा कातडीखाली दाबल्यावर चुरचुर, यातलं काहीही दिसलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.